रात्रीं दारें धरणें आणि हृदयाचा विसांवा

विहिरीवरील मोटार रात्रीं चालली म्हणजे गव्हाचें पाणी होतें. परंतु ती चालविणाऱ्याच्या शरीराचें काय होतें, हा प्रश्न आपल्या मंडळींच्या बोलण्यांत फारसा येत नाहीं. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना निघाली व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. तरीहि जेथें पाळी रात्रीची येते, तेथें कंदील जाऊन बॅटरी आली, एवढाच काय तो फरक. अशा वेळीं सापाची व बिबट्याची भीति सर्वांस ठाऊक असते. तिसरी हानि सावकाश होते, म्हणून दिसत नाहीं.

आम्ही महसूल खात्यांत असतांना पीकपाहणीच्या तपासणीस सकाळीं गेलों, तर बांधावर पेंगणारे शेतकरी दिसत, व आम्ही मनांत त्यांस आळशी म्हणत असूं. तो आमचा समज चुकीचा होता, हें येथें कबूल करणें बरें.

झोंप ही रात्रभर एकसारखी नसते. अमेरिकेंत आल्फ्रेड लूमिस व त्यांचे सहकारी यांनीं १९३७ सालीं निजलेल्या माणसाच्या मेंदूंतील विजेच्या लहरी टिपून झोंपेच्या पायऱ्या दाखविल्या. हलकी झोंप, गाढ झोंप व स्वप्नांची झोंप, असा फेरा सुमारें ९० मिनिटांचा असून रात्रींत असे चार-पांच फेरे होतात. पैकीं गाढ झोंपेचा मोठा वांटा पहिल्या तिसऱ्या हिश्शांतच पडतो. त्या वेळीं कोणी उठविलें तर आपण कोठें आहों हें क्षणभर उमगत नाहीं. ती हीच अवस्था.

आतां हृदयाकडे पाहूं. तें मिनिटास ७० ठोके धरले, तरी दिवसास एक लक्ष होतात. त्यास बैलाप्रमाणें सोडून दावणीस बांधतां येत नाहीं. ओझें हलकें करणें हाच त्याचा विसांवा. हृदयावर दोन प्रकारच्या मज्जातंतूंचा अंमल चालतो. एक पराणी टोंचणारे, दुसरे कासरा ओढून धरणारे. गाढ झोंपेंत पराणी थांबते, नाडी मंद होते आणि रक्ताचा दाब उतरतो. निरोगी माणसाचा दाब रात्रीं दिवसापेक्षां शेंकडा १० ते २० नीं कमी होतो.

हा उतार पडला नाहीं तर काय होतें? जपानांतील ओहासामा या ग्रामीण वस्तींत १५०० हून अधिक लोकांचा दाब दिवसरात्र मोजून त्यांच्यावर सुमारें नऊ वर्षें नजर ठेवली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, रात्रीचा उतार शेंकडा ५ नीं कमी, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानें मरण्याचा धोका सुमारें शेंकडा २० नीं अधिक. अमेरिकेंत २०११ सालीं ७८४ वृद्ध पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत ज्यांस गाढ झोंप सर्वांत कमी, त्यांस पुढें रक्तदाब जडण्याचा धोका शेंकडा ८० नीं जास्त आढळला. अशा पाहण्यांत कारण कोणतें व परिणाम कोणता हें पुरतें ठरत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु शिकागो येथें २००८ सालीं खुद्द प्रयोगच झाला. ९ निरोगी तरुण स्त्रीपुरुषांस तीन रात्री जागें न करितां केवळ आवाजांनीं गाढ झोंपेंतून वर आणलें. झोंपेचे तास पूर्ववत् असूनहि साखर आटोक्यांत ठेवण्याची त्यांच्या शरीराची शक्ति सुमारें चतुर्थांशानें घटली; आणि मधुमेह हा हृदयाचा वैरी आहे, हें निराळें सांगावयास नको.

यावरून पाण्याच्या पाळीस एक हिशेब लावतां येतो. लाईट रात्रीं बाराला येणार असेल, तर दहापर्यंत गप्पा व मोबाईल न करतां आठालाच निजावें. पहिले तीन तास अखंड मिळाले तर गाढ झोंपेचा बराच भाग पदरांत पडतो. दोघां भावांनीं एकाच रात्रीं दोनदोनदां उठण्यापेक्षां एकानें एक रात्र घ्यावी, दुसऱ्यानें दुसरी. मोबाईल स्टार्टरनें मोटार घरून सुरू होते खरी, पण वाफा भरला कीं दारें मोडावयास जावेंच लागतें. ठिबक असल्यास हें टळतें. थंडींत पाण्यावर जातांना दारू घेण्याची कोठें कोठें चाल आहे. तिनें डोळा लवकर लागतो, पण पुढची झोंप तुटक होते. चहाचा अंमलहि पांच-सहा तास सहज राहतो.

घोरतां घोरतां ज्याचा श्वास मध्येंच थांबतो व मग तो दचकून श्वास घेतो, त्याची गाढ झोंप घरीं निजूनहि मोडत असते, आणि त्याचें त्यास कळत नाहीं. तें घरच्या माणसांनींच डॉक्टरांस सांगितलें पाहिजे. दाब प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोजून मिळतो, परंतु तो दिवसाचा. रात्रीचा उतार पाहावयाचा तर दंडावर चोवीस तास बांधावयाचें यंत्र असतें. त्याविषयीं डॉक्टरांस विचारावें.