चकतीची टकटक

२०२३ च्या मे महिन्यात सक्करदऱ्याच्या आमच्या घरी संगणकातून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. त्यातल्या हार्ड डिस्कवर आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या साठविलेल्या होत्या. आई आता नाही. घाबरून मी यंत्र चारदा बंद-चालू केले. तीच माझी चूक!

ती कशी, ते पाहा. हार्ड डिस्क ग्रामोफोनच्या भावकीतलीच. पण ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. येथे वाचणारे हेड चकतीवर काही नॅनोमीटर अधांतरी असते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड! आणि चकती फिरते मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा. हेड बिघडले, की त्याला आपली वाट सापडत नाही. ते पुनःपुन्हा मागे येते, म्हणून टकटक होते. ते चकतीला घासले, तर चुंबकीय थरच खरवडला जातो. मग तिथले अक्षर ब्रह्मदेवालाही वाचता यायचे नाही.

मग करायचे काय? वीज ताबडतोब बंद करा. डिस्क उघडू नका. धुळीचा कणही घातक असतो. जाणकार लोक धूळविरहित खोलीत त्याच बनावटीच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवितात, आधी सगळ्याची प्रत काढतात, आणि मगच त्या प्रतीत फाइली शोधतात.

आमच्या काही ओव्या परत मिळाल्या, काही गेल्या त्या गेल्याच. तेव्हा वाचकहो, डिस्क मुकाट्याने चालते आहे तोवरच दोन प्रती काढा, अन् त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.