'क्रेडिट' म्हणजे जमा की उधार?

तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी बँकेत तासभर बसून पाहा. काउंटरवर एखादा म्हातारा शेतकरी पीक कर्जाचा उतारा पुढे सरकवतो आणि म्हणतो, "साहेब, ह्यात तर दोन लाख बॅलन्स दिसतोय. मग पोरीच्या लग्नाला पन्नास हजार द्या की!" कारकून मान वर करतो. "काका, तो डेबिट बॅलन्स आहे. दोन लाख तुमचे नाहीत, तुमच्याकडून येणे आहेत." आकड्याच्या शेवटी 'डीआर' अशी दोन बारीक अक्षरे छापलेली असतात. कर्जाच्या खात्यावर ती असली की तो आकडा आपल्या अंगावरचा समजायचा.

आपल्या जुन्या वहीत 'जमा' आणि 'नावे' असे दोनच रकाने असत आणि ते सगळ्या गावाला कळत. आता एकच 'क्रेडिट' शब्द घ्या. पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा. कृषी सेवा केंद्रात खत 'क्रेडिटवर' घेतले म्हणजे उधार. आणि १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डातले क्रेडिट म्हणजे सरळ कर्ज. एका शब्दाचे तीन अर्थ, आणि तिन्ही पैशाचे! कार्डावर तीन लाखांची 'लिमिट' मंजूर झाली की पैसे आपल्या खात्यावर पडून आहेत असे समजणारेही भेटतात. लिमिट म्हणजे कर्जाची मर्यादा. जेवढे उचलाल तेवढ्यावर व्याज.

खरा दणका देणारा शब्द 'ड्यू डेट'. मराठीत परतफेडीची शेवटची तारीख. ती उलटली की खाते 'ओव्हरड्यू', म्हणजे थकीत. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के व्याज आहे. वेळेत भरणाऱ्याला केंद्राकडून ३ टक्के सूट मिळते, उरलेल्या व्याजाचा भार राज्य उचलते, त्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनाही आली. म्हणजे मुदतीत भरणाऱ्याला हे कर्ज बिनव्याजी पडते. मुदत चुकली तर तीन लाखांवर वर्षाचे २१ हजार रुपये, आणि पुढे बँकेचा नेहमीचा दर. एका इंग्रजी शब्दाची ही किंमत. म्हणूनच मार्च आला की गावोगाव 'नवं-जुनं' करण्याची धावपळ चालते. जुने भरून नवे उचलायचे, त्यासाठी चार दिवस सावकाराचेही पाय धरायचे. बँक त्याला 'रिन्यूअल' म्हणते. पण नुसत्या कागदावर सही केली म्हणजे रिन्यूअल झाले असे धरून चालू नका. रक्कम भरल्याची पावती आणि खात्यावरची नोंद दोन्ही बघा.

'एनपीए' हा शब्द तर शिवीसारखा ऐकू येतो. साध्या कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते एनपीए. पीक कर्जाला नियम निराळा आहे. सोयाबीन, बाजरीसारख्या कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन पीक हंगाम थकले तर एनपीए, आणि वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पिकाचे एक हंगाम थकले तर. गटसचिवांनी हा फरक सभासदांना एकदा बसवून समजावला तर अर्धी भीती कमी होईल.

थकबाकीदाराला मग 'ओटीएस'चे पत्र येते. एकरकमी तडजोड, व्याजात सूट. वाईट नाही. पण अशा खात्यापुढे सिबिलच्या नोंदीत 'सेटल्ड' लागते, पूर्ण फेडणाऱ्यापुढे 'क्लोज्ड'. उद्या ट्रॅक्टरला कर्ज मागायला गेलात की साहेब आधी हाच शब्द बघतो. तडजोड करायची की थोडे थांबून पूर्ण भरायचे, हे सही करण्याआधी ठरवावे. एक मात्र खरे, ज्याच्या दारात वसुलीवाले बसलेत त्याला थांबायला सांगणे सोपे आहे!

मोंढ्यातले शब्द वेगळे. २०१६ च्या नोटाबंदीनंतर चेकने पट्टी देण्याची पद्धत वाढली. व्यापारी पुढची तारीख टाकून चेक देतो, तो वटत नाही, आणि बँक 'फंड्स इनसफिशियंट' लिहिलेला मेमो हातात देते. खात्यात पुरेसे पैसे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ जण तो मेमो चुरगाळून टाकतात नाहीतर "पुढच्या बाजारी देतो" या शब्दावर चेक परत करतात. तसे करू नये. तोच मेमो पुरावा आहे. चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा. न वटल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १३८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

ऊसवाल्यांसाठी 'रिकव्हरी'. कारखान्यात रिकव्हरी म्हणजे साखर उतारा, बँकेत रिकव्हरी म्हणजे वसुली. एकीकडे वाढली तर आनंद, दुसरीकडे वाढली तर धडकी. २०२५-२६ च्या हंगामाची 'एफआरपी' १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरली. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत ती मिळाली नाही तर १५ टक्के व्याज मागण्याचा हक्क १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने दिला आहे.

मोबाइलवरच्या पैशाचे एकच लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. "अनुदान आलंय, पिन टाका" म्हणणारा चोर समजा.

बँकेतल्या पोरांना बोल लावून उपयोग नाही. कैक जण परराज्यातले, त्यांनाही आपली भाषा नवीच. पण खाते उघडण्याचा फॉर्म, पैसे भरण्याची स्लिप, पासबुक हे इंग्रजी, हिंदी आणि राज्याच्या भाषेत मिळाले पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचेच सांगणे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावे लागते. व्याज, खर्च, हप्ते यांचा हा गोषवारा कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो. तो मागितल्याशिवाय सही करू नका. जामीनदार म्हणून सही करतानाही 'गॅरंटर' या शब्दाखाली आपले नाव कुठे पडते ते बघा. मूळ कर्जदाराने बुडवले तर वसुली तुमच्याकडून होते.

आता ट्रॅक्टरचे आरसी बुक काढा. त्यावर 'हायपोथिकेशन' आणि पुढे बँकेचे नाव असेल. हेच आपले नजरगहाण. शेवटचा हप्ता भरला म्हणजे ती नोंद आपोआप जात नाही. बँकेकडून नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत अर्ज करावा लागतो. सातबाऱ्यावरच्या बोजाचेही तसेच. बेबाकी दाखला घेऊन तलाठी भाऊसाहेबांकडे फेरफार टाकायचा. कर्ज फिटून कैक वर्षे झाली आणि सातबारा अजून बँकेच्या नावाने ओरडतो आहे, असे उतारे गावात किती आहेत, हे पुढच्या ग्रामसभेत एकदा विचारून पाहा.