उतारवय आणि मोठ्या आतड्याची तपासणी

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा अकस्मात उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर प्रथम लहानशी गाठ उगवते. वैद्यक तिला पॉलिप म्हणते. बहुतेक गाठी निरुपद्रवी राहतात. थोड्यांचे मात्र कर्करोगात रूपांतर होते, आणि त्याला साधारणतः दहा वर्षे वा अधिक काळ लागतो. हा संथपणा आपल्या पथ्यावर पडणारा आहे. गाठ वेळीच दिसली, तर ती दुर्बिणीतूनच काढून पुढचा रोग टाळता येतो. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसाची अशी तपासणी करणे, हीच चाळणी-तपासणी.

तिचा उपयोग अमेरिकेतील मिनेसोटा येथील प्रयोगाने ठळकपणे दाखविला. पन्नास ते ऐंशी वयाच्या 46 हजारांहून अधिक लोकांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. दरवर्षी शौचातील अदृश्य रक्त तपासणाऱ्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. आजची सुधारित चाचणी घरीच नमुना घेऊन होते, पथ्यही लागत नाही. तीत रक्त आढळले, तर मात्र कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची पाहणी, करावीच लागते. त्या पुढच्या पायरीची तयारी नसेल, तर पहिली चाचणी करण्यात अर्थ नाही.

मग वय वाढेल तशी तपासणीही वाढवावी काय? येथे तोच संथपणा उलट बाजूने विचारात घ्यावा लागतो. आज काढलेल्या गाठीचा लाभ बहुधा दहा वर्षांनी पदरात पडतो. त्रास मात्र आजच सोसावा लागतो. जुलाबाच्या औषधाने शरीरातील पाणी कमी होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न उभा राहतो, क्वचित रक्तस्राव होतो वा आतड्याला छिद्र पडते. आणि हे धोके वयाबरोबर वाढतात. म्हणून अमेरिकेच्या तज्ज्ञ कार्यगटाने 2021 मध्ये 45 ते 75 या वयात सर्वांची तपासणी, 76 ते 85 मध्ये व्यक्ती पाहून निर्णय आणि त्यापुढे थांबावे, असे सुचविले. माझ्या मते यातील 'व्यक्ती पाहून' हेच शब्द महत्त्वाचे आहेत. पूर्वी कधीच तपासणी न झालेल्या, धडधाकट अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना लाभ होऊ शकेल. हृदय थकलेल्या बहात्तरीतल्या रुग्णाला कदाचित नाही.

भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी आहे. 2016 मध्ये आखलेल्या राष्ट्रीय चाळणी-तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचेच कर्करोग घेतले गेले. तेव्हा आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत खरा प्रश्न लक्षणे ओळखण्याचा आहे, आणि लक्षणांना वरील वयोमर्यादा लागू नाही. शौचावाटे रक्त गेले की 'मूळव्याध असेल' म्हणून वर्ष निघून जाते. संकोच तर आपल्या अंगवळणीच पडलेला. उजव्या बाजूच्या आतड्यातील रक्तस्राव तर डोळ्यांना दिसतही नाही. नुसता थकवा येतो, हिमोग्लोबिन उतरते. लोहाच्या गोळ्या सुरू होतात, पण लोह कोठे गळते आहे, हे पाहावयाचे राहून जाते. शौचाच्या सवयीतील टिकून राहिलेला बदल आणि अकारण घटलेले वजन हीदेखील डॉक्टरांना सांगण्याजोगीच लक्षणे.

आई, वडील वा सख्ख्या भावंडाला हा रोग झाला असेल, तर तपासणी चाळिशीत किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर असेल तेव्हा, सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. वडिलांचे निदान अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाले असेल, तर मुलामुलींसाठी ते वय अडतीस ठरते.