मजुरी वाढली की घटली? आधी कशाने भागायचं ते ठरवा

समजा, एका शेतमजुराची रोजची मजुरी डिसेंबर 2018 मध्ये 300 रुपये होती आणि वर्षाने ती 318 झाली. म्हणजे वाढ 6 टक्के. आता सांगा, तो पुढे गेला की मागे पडला?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, महागाई वजा करा. बरोबर. पण कुठली महागाई?

2019-20 हे मंदावलेलं वर्ष. जीडीपीची वाढ 4 टक्क्यांच्या आसपास आली होती. मागणी थंडावली की भावही नरमतील, अशी आपली अपेक्षा असते. पण त्या वर्षी अवकाळी पावसाने कांद्याचं पीक गेलं आणि भाज्या कडाडल्या. बांधकामासारखी कामं मंदावलेली असताना मजूर जास्त रोज मागणार कुठून? भाव रोज बदलतात. मजुरी बहुधा हंगामाला एकदा ठरते.

डिसेंबर 2019 मध्ये सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांकानुसार महागाई होती 7.35 टक्के. शेतमजुरांसाठीच्या निर्देशांकानुसार ती 11 टक्क्यांच्या वर होती. पहिल्याने भागलं तर त्या 318 रुपयांची किंमत जुन्या भावाने साधारण 296 रुपये येते, दुसऱ्याने भागलं तर 286. मजूर मागे पडला हे दोन्हीकडे खरं. पण किती, यात रोजचा दहा रुपयांचा फरक.

हा फरक येतो टोपलीतून. सर्वसाधारण निर्देशांकात अन्न-पेयांचा भार सुमारे 46 टक्के होता. शेतमजुरांच्या निर्देशांकात अन्नाचा भार जवळपास 69 टक्के होता, कारण त्याची टोपली तेव्हा 1983 च्या खर्च-पाहणीवर बेतलेली होती. तेव्हाच्या घरात मोबाइलचं रिचार्ज नव्हतं.

म्हणून दुसरा निर्देशांक नेहमीच मजुराची बाजू घेतो, असं समजू नका. अन्न स्वस्त असलं की तो महागाई कमी दाखवतो. मनरेगाचे दर याच निर्देशांकावरून वाढायचे. 2017 मध्ये बिहार आणि झारखंडात ते 167 वरून 168 झाले. वाढ एक रुपया! तळटीपेतली निवड अशी थेट कुणाच्या तरी ताटात उतरते.

आणखी एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलो. लेबर ब्यूरोची ग्रामीण मजुरीची मालिका घेऊन मी सरळ लांबलचक आलेख काढला. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "नोव्हेंबर 2013 ला काय झालं?" त्या महिन्यापासून कामांचं वर्गीकरणच बदललं होतं. मी ज्याला मजुरीतला बदल समजत होतो, त्यातला काही भाग नुसता व्याख्येचा होता. दोन आठवड्यांचं काम पुन्हा केलं.

तेव्हा 'वास्तव मजुरी घटली' असं वाक्य लिहिण्याआधी तीन गोष्टी वहीत नोंदवा: मजुरी कुठल्या कामाची, निर्देशांक कोणता, मालिका मध्ये कुठे तुटते. मग दोन वेगवेगळ्या निर्देशांकांनी भागून पाहा. निष्कर्ष दोन्हीकडे टिकला तर निर्धास्त लिहा. नाही टिकला, तर तो फरक का पडला, हाच कदाचित तुमचा संशोधनप्रश्न असेल.