फिरत्या झडपेला पाणी का लागते?

बालाघाटच्या डोंगररांगांत आणि पठारावर धाराशिव जिल्हा पसरला आहे. २०२३ पर्यंत या जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. काळ्या पाषाणात खोदलेल्या खोल विहिरी आणि बेभरवशाचा पाऊस ही इथल्या शेतीची जुनी कहाणी. बैलांच्या मोटा मागे पडल्या तेव्हा महाराष्ट्रातल्या अशा विहिरींवर डिझेल इंजिने आली. ही इंजिने आपल्याच राज्यात तयार होत. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३३ मध्ये डिझेल इंजिन तयार झाले होते आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ ही कंपनी सुरू झाली. आता बहुतेक विहिरींवर विजेची मोटर किंवा सौरपंप दिसतो. तरीही वीज नसेल तिथे आजही इंजिनाचे हँडल मारले जाते.

असे इंजिन चालू असताना जवळ जाऊन पाहा. पंपाने उपसलेल्या पाण्यातून एक बारीक नळी इंजिनाकडे वळवलेली असते. ते पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरते आणि गरम होऊन दुसऱ्या नळीने पाटात पडते. इंजिन चालवणारा अनुभवी माणूस अधूनमधून त्या धारेखाली हात धरून पाहतो. पाणी फार कढत लागले किंवा धार तुटली, तर तो धावत जाऊन इंजिन बंद करतो. उन्हाळ्यात विहिरीचा तळ लागला की पंप हवा ओढू लागतो, धार थांबते, आणि लक्ष नसेल तर थोड्याच वेळात दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. ‘इंजिन धरले’ असे आपण म्हणतो. ऐन गरजेच्या वेळी हा खर्च शेतकऱ्याला परवडणारा नसतो.

हे पाणी किती लागते? सुमारे ५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण १ लिटर डिझेल जाळते. त्यातून सुमारे ९,००० किलोकॅलरी उष्णता निघते. तिच्यातील अंदाजे चौथा भाग, म्हणजे २,४०० किलोकॅलरी, थंड करणाऱ्या पाण्याने वाहून न्यावी लागते असे समजू. पाणी ४० अंशांनी तापू दिले, तर दर लिटर पाणी ४० किलोकॅलरी नेते. म्हणजे तासाला २,४०० ÷ ४० = ६० लिटर पाणी हवे. तीन-चार घागरी! आणि तेही वाया जात नाही, पिकालाच मिळते.

पाणी दट्ट्याला वाचवते हे आपण पाहिले. पण याच इंजिनातला आणखी एक भाग असा आहे, की तो वेगळ्या तऱ्हेने घडवावा म्हणून संशोधकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ डोके चालवले. तिथेही गाडी शेवटी उष्णतेपाशीच अडली. तो भाग म्हणजे झडप.

उडी मारणारी झडप

चार धावांच्या इंजिनाचे काम तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. पहिल्या धावेत हवा आत येते, दुसरीत ती दाबली जाते, तिसरीत इंधन जळून दट्ट्याला जोर मिळतो आणि चौथीत धूर बाहेर जातो. हवा आत घ्यायला एक झडप आणि धूर बाहेर सोडायला दुसरी. नेहमीच्या इंजिनात या झडपा छत्रीच्या आकाराच्या असतात. कॅम आणि दांड्या त्यांना ढकलून उघडतात आणि मजबूत स्प्रिंग त्यांना परत बंद करते.

शेतावरचे इंजिन मिनिटाला १,५०० फेरे करते. चार धावांना दोन फेरे लागतात. म्हणून प्रत्येक झडप मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा उघडते आणि मिटते. प्रत्येक वेळी ती थांबते, वेग घेते, पुन्हा थांबते आणि उलटी फिरते. वेग फार वाढवला तर स्प्रिंगला ती वेळेवर परत आणता येत नाही. शिवाय धुराची झडप जळत्या वायूंच्या वाटेतच उभी असते. पेट्रोल इंजिनात ती लाल होण्याइतकी तापू शकते आणि असा लाल ठिपका पेट्रोलचे मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटवू शकतो.

मग ही झडप वर-खाली उडवण्याऐवजी एकाच दिशेने शांतपणे फिरत का ठेवू नये?

बंबाची तोटी

फिरती झडप तुम्ही पाहिलेली आहे. आजोळच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असेल तर त्याची पितळी तोटी आठवा. तोटीत एक निमुळता खुंट असतो आणि त्याला आरपार भोक असते. खुंट पाव फेरा फिरवला की भोक नळीच्या रेषेत येते आणि पाणी वाहते. आणखी पाव फेरा फिरवला की बंद. तिथे स्प्रिंगही नाही आणि उड्याही नाहीत.

इंजिनात हेच करायचे. सिलिंडरच्या डोक्यावर एक आडवा गोल दांडा बसवायचा. त्याच्या अंगात हवा येण्याची एक आणि धूर जाण्याची दुसरी वाट कोरायची. दांडा मुख्य अक्षाच्या निम्म्या वेगाने फिरत ठेवायचा. योग्य क्षणी योग्य वाट सिलिंडरच्या तोंडासमोर येईल, उरलेल्या वेळात दांड्याची भरीव पाठ ते तोंड बंद ठेवील. किती सोपे!

वाफेच्या इंजिनात ही युक्ती चालली होती. अमेरिकेच्या जॉर्ज कॉर्लिस यांनी १८४९ मध्ये मागे-पुढे वळणाऱ्या गोल झडपांचे पेटंट घेतले आणि पुढे अशा झडपांची इंजिने गिरण्यांत नावाजली. पण जळत्या इंधनापाशी हिशेब बदलला. १९१२ मध्ये फ्रान्सच्या दाराक कंपनीने फिरत्या झडपेच्या मोटारी बाजारात आणल्या. त्या अपेशी ठरल्या आणि कंपनीची पत खालावली.

कडी आणि गोळा

चूक कुठे होती? उत्तर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. कडी आणि गोळा हे उपकरण काढा. थंड गोळा कडीतून सहज जातो. गोळा तापवला की तो कडीत अडकतो. आता कडीही तेवढीच तापवा, तर गोळा पुन्हा मोकळा!

फिरत्या झडपेचा दांडा हा गोळा आणि तिची बैठक ही कडी. आकडे घालून पाहू. दांडा ओतीव लोखंडाचा, ५० मिलिमीटर व्यासाचा आहे असे समजा. हे लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे ११ दशलक्षांश इतके वाढते. दांडा बैठकीपेक्षा २०० अंशांनी जास्त तापला तर त्याचा व्यास

५० × ०.००००११ × २०० = ०.११ मिलिमीटर

इतका जास्त वाढेल. वायू गळू नयेत म्हणून दोहोंमधली फट तर ०.०३ मिलिमीटरसारखी, केसाहूनही बारीक ठेवायची असते. म्हणजे दांडा बैठकीत आवळून बसणार. फट आधीच मोठी ठेवली, तर थंड इंजिनात दाबच तयार होणार नाही आणि ते सुरूही होणार नाही. शिवाय फटीतले वंगण अतिउष्णतेने करपते, त्याची काजळी धरते आणि दांडा ओरखडतो.

दुसरी अडचण दाबाची. छत्रीच्या झडपेला सिलिंडरमधला दाब मदतच करतो, कारण तो तिला बैठकीवर अधिक घट्ट दाबतो. पंपाच्या फूटव्हॉल्व्हची पाकळी वरच्या पाण्याच्या भाराने अशीच घट्ट मिटते. फिरत्या झडपेला ही मदत नाही. तिचे तोंड ४ सेंटिमीटर लांब व २ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ८ चौरस सेंटिमीटर असेल आणि ज्वलनाच्या वेळी दर चौरस सेंटिमीटरवर ६० किलोग्रॅम भाराइतका दाब असेल, तर फिरणाऱ्या दांड्याला ४८० किलोग्रॅमचा, जवळजवळ पाच क्विंटलचा, धक्का बसतो. तो दांड्याला पलीकडच्या बाजूवर दाबतो आणि अलीकडे फट मोकळी होते. एका बाजूला घर्षण, दुसऱ्या बाजूला गळती!

पाणी खेळवलेला दांडा

इथे पाणी कामाला येते. एक लिटर पाणी एक अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, तेवढी घ्यायला सुमारे ३,५०० लिटर हवा लागते. म्हणून बैठकीभोवती पाण्याची पोकळी ठेवतात आणि दांडाही आतून पोकळ करून त्यात पाणी खेळवतात. पाणी दांड्याच्या एका टोकाने शिरते, धुराच्या वाटेभोवती फिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते.

पण नीट लक्षात घ्या. पाण्याचे खरे काम झडप गार ठेवणे एवढेच नाही, तर दांडा आणि बैठक यांना शक्य तितक्या सारख्या तापमानावर ठेवणे हे आहे. दोहोंतला फरक २०० अंशांवरून २० अंशांवर आणता आला, तर वरच्या गणितातले ०.११ मिलिमीटर ०.०११ वर येतात आणि केसाएवढी फट शाबूत राहते. कडी आणि गोळा एकत्रच तापले, एकत्रच निवाले!

फक्त बैठक थंड केली आणि दांडा तसाच ठेवला तर? मग पाणी उलट घात करील. थंड कडीत गरम गोळा अधिकच अडकेल.

पाण्यामुळे गळती मात्र थांबत नाही. त्यासाठी संशोधकांनी वेगळ्या वाटा शोधल्या. इंग्लंडमधील बाथ गावच्या रोलंड क्रॉस यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशी रचना केली, की दांड्यावरचा दाब सिलिंडरमधल्या दाबाच्या प्रमाणात कमी-जास्त व्हावा. फ्रँक आस्पिन यांनी बंबाच्या तोटीसारखा निमुळता दांडा वापरला. ऑस्ट्रेलियाच्या बिशप कंपनीने शर्यतीच्या इंजिनासाठी दांडा बैठकीला न टेकवता रोलर बेअरिंगवर तोलला आणि तोंडाच्या कडांना स्प्रिंगने दाबलेल्या बारीक पट्ट्या बसवल्या. भार बेअरिंगने घ्यायचा, गळती पट्ट्यांनी अडवायची, अशी ही कामाची वाटणी होती. पण पुढे फॉर्म्युला वन शर्यतीच्या नियमांतच छत्रीच्या झडपा बंधनकारक झाल्या.

आता अशी झडप आपल्या शिवारातल्या इंजिनावर बसवली आहे अशी कल्पना करा. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल, तर बंबाच्या तळाशी बसतो तसा पांढरा थर दांड्याच्या अरुंद पोकळीत बसेल. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. एका बाजूला थर जाड, दुसरीकडे पातळ, म्हणजे तापमानात पुन्हा फरक! म्हणून अशा इंजिनाला विहिरीचे पाणी थेट देऊन भागणार नाही. रेडिएटरमधून तेच ते स्वच्छ पाणी फिरवावे लागेल. आणि दांडा फिरता असल्यामुळे पाणी आत-बाहेर करण्याच्या जागी न गळणारे जोडही हवेत. छत्रीची झडप मात्र गावातला मिस्तरी घासून पुन्हा बसवू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

चेतकमध्ये लपलेली झडप

मग फिरती झडप कुठेच यशस्वी झाली नाही का? झाली, आणि महाराष्ट्राच्या घराघरांत होती! पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनीने ‘चेतक’ ही दोन धावांच्या इंजिनाची स्कूटर बनवली. ती १९७२ मध्ये आली. तिचे इंजिन इटलीच्या व्हेस्पा स्कूटरच्या धर्तीवरचे होते. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि दट्ट्याची धावही ५७ मिलिमीटर. या इंजिनात भुजाक्षाची भरीव चकतीच झडपेचे काम करी. चकतीच्या कडेला एक खाच होती. खाच हवेच्या तोंडासमोर आली की पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येई, खाच सरकली की वाट बंद.

इथे पाण्याची पोकळी नव्हती, तरी झडप टिकली. का? कारण तिची जागा. ती ज्वलनाच्या खोलीत नव्हती. खाली, येणाऱ्या गार मिश्रणाच्या वाटेत होती. तिथे दाब थोडा, तापमान कमी, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल चकतीला सतत वंगण देई व फटही भरून काढी. तिचा शत्रू होता तो धुळीचा. खडे किंवा धूळ आत गेली की चकतीसमोरची गुळगुळीत जागा ओरखडे आणि किका मारून मारून पाय दुखत.

तेव्हा कल्पना तीच, यंत्र तेच. पण एका जागी अपयश आणि दुसऱ्या जागी लाखो स्कूटरी. यंत्राचा भाग चांगला की वाईट हे त्याच्या आकारावरून ठरत नाही. तो कुठे बसवला आहे, तिथे उष्णता किती, दाब किती, आणि ती उष्णता दूर नेणारे कोण आहे, यावरून ते ठरते. आता ‘चेतक’ नावाची स्कूटर विजेवर चालते आणि तिला झडपच नाही. पण तिच्याही बॅटरीची आणि मोटरची उष्णता बाहेर काढावीच लागते. तो प्रश्न काही सुटलेला नाही!

शेतात इंजिन चालू असेल तेव्हा त्या बारीक धारेकडे एकदा नीट पाहा. हात धरायचा तर आधी मोठ्या माणसाला विचारा. घरातल्या ज्या माणसाने वर्षानुवर्षे तिथे हात धरला, तो काही न मोजता तापमानाचेच शास्त्र सांभाळत होता.

करून पाहा

एकात एक सैलसर बसतील असे प्लॅस्टिकच्या नळीचे दोन तुकडे घ्या. आतल्या तुकड्याची दोन्ही टोके मेणाने बंद करा. दोन्ही तुकडे एकात एक घालून मधोमध आरपार भोक पाडा. बाहेरच्या एका भोकाला बारीक नळी मेणाने घट्ट जोडा. आतला तुकडा वळवून वाट बंद करा, सगळे पाण्यात बुडवा आणि नळीतून फुंका. बुडबुडे कुठून येतात ते पाहा. आता आतल्या तुकड्याला व्हॅसलीन लावून पुन्हा करा. बुडबुड्यांत काय फरक पडला?

विचार करा

१. दांडा ॲल्युमिनियमचा केला, तर तो दर अंशाला सुमारे २३ दशलक्षांश वाढेल. लेखातले गणित पुन्हा करा. बैठक लोखंडाची ठेवणे योग्य होईल का?

२. मिनिटाला ६,००० फेरे करणाऱ्या चार धावांच्या इंजिनात प्रत्येक झडप सेकंदाला किती वेळा उघडेल?

३. तासाला ६० लिटर पाणी लागणारे इंजिन टाकीतले तेच ते पाणी वापरू लागले, तर टाकी किती मोठी हवी? त्या पाण्याची उष्णता शेवटी कुठे जाईल?