ब्रिक्स वाढला म्हणजे साखर वाढली का? उसाच्या रसावर शिकायचं रसायनशास्त्र

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की गळीत हंगामात रस्त्यावर दोन गोष्टी हमखास दिसतात. उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि मधूनच एखादी रसवंती. माळेगाव आणि सोमेश्वर हे कारखाने बारामती तालुक्यात. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा इंदापूर तालुक्यात. अशा भागात 'रसात साखर किती?' हा प्रश्न थेट पैशाचा आहे. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानसारख्या संस्थेत जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या, घरी ऊस असलेल्या विद्यार्थ्यालाही तो नवा नसतो.

पण हाच रस प्रयोगशाळेत नेला तर गंमत होते. तीन साध्या पद्धतींनी मोजा, तीन वेगळी उत्तरं मिळतात. आणि तिन्ही बरोबर असतात.

पहिली पद्धत बहुतेकांनी पाहिलेली असते. हातातला रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळ्या-पांढऱ्या भागांची सीमारेषा जिथे दिसते तो आकडा म्हणजे ब्रिक्स. हे यंत्र साखर मोजत नाही. द्रावणात शिरताना प्रकाश किती वाकतो एवढंच ते पाहतं, आणि पट्टीवरचे आकडे शुद्ध साखरेच्या पाण्यावरून आखलेले असतात. त्यामुळे रसात विरघळलेली साखर, क्षार, आम्लं, सगळं एकाच आकड्यात येतं. ब्रिक्स २० आला तर त्याचा अर्थ ढोबळमानाने १०० ग्रॅम रसात २० ग्रॅम विरघळलेले पदार्थ आहेत इतकाच. आधी डिस्टिल्ड वॉटरवर शून्य लावायचं आणि तापमानाची दुरुस्ती करायची, या दोन गोष्टी पहिल्या दिवशी शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग विसरतो.

दुसरं यंत्र पोलरीमीटर. एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश साखरेच्या द्रावणातून गेला की ते प्रतल फिरतं. सुक्रोज, म्हणजे आपण चहात घालतो ती साखर, ते उजवीकडे फिरवते. जितकी साखर जास्त तितका कोन मोठा. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ज्याला 'पोल' म्हणतात तो हाच आकडा. पोल भागिले ब्रिक्स गुणिले १०० केलं की रसाची शुद्धता मिळते. समजा ब्रिक्स २० आणि पोल १८ आला, तर शुद्धता ९० टक्के. विरघळलेल्या दर दहा भागांतला एक भाग साखर नाही.

तिसरी पद्धत जैवतंत्रज्ञानाच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात असते. तिचं नाव डीएनएसए, लांबलचक नाव डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल. परीक्षानळीत पिवळं अभिकर्मक घ्यायचं, त्यात नमुना टाकायचा, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं. साखर असेल तर पिवळ्याचा नारिंगी-तांबडा होतो. नळी गार करून कलरीमीटरमध्ये ५४० नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायचं. ५४० हा हिरवा प्रकाश आहे. तांबडं द्रावण हिरवा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं, म्हणून तो निवडतात. रंग जितका गडद तितकी साखर जास्त.

विद्यार्थी उत्साहाने ताज्या उसाचा रस टाकतो, आणि आकडा येतो अर्ध्या टक्क्याच्या आसपास. इतक्या गोड रसात फक्त अर्धा टक्का साखर?

इथे बरेच जण पहिली चूक करतात. आपलंच काहीतरी चुकलं असं समजून रीडिंग 'जुळवून' घेतात. जर्नलमध्ये आधी उत्तर आणि मग त्याला साजेसं रीडिंग, ही पद्धत कुठल्या कॉलेजात माहीत नाही? खरं तर आकडा बरोबर आहे, प्रश्न चुकला आहे. डीएनएसए फक्त 'रिड्यूसिंग' साखरेशी प्रक्रिया करतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन्ही रिड्यूसिंग साखरा. सुक्रोज मात्र तशी नाही, कारण तिच्यात हे दोन रेणू नेमके आपल्या क्रियाशील टोकांनी एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे गोडवा भरपूर असूनही सुक्रोज या चाचणीत दिसत नाही.

तिला पकडायचं तर आधी तोडावी लागते. रसात थोडं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून गरम करायचं, गार झाल्यावर अल्कलीने उदासीन करायचं आणि पुन्हा डीएनएसए लावायचं. आता सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेली असते आणि आकडा एकदम उसळतो. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा, ०.९५ ने गुणा, सुक्रोज मिळाली. हे ०.९५ कुठून आलं? सुक्रोज फुटताना पाण्याचा एक रेणू घेते, त्यामुळे ३४२ वजनाच्या सुक्रोजपासून ३६० वजनाच्या साध्या साखरा मिळतात. ३४२ भागिले ३६० म्हणजे ०.९५.

खरी कसोटी विरलीकरणाची. प्रमाण आलेख साधारण १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंतच्या ग्लुकोजवर काढलेला असतो. ताज्या रसात रिड्यूसिंग साखर ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर १० पट पाणी पुरतं. पण १८० मिलिग्रॅम सुक्रोज तोडल्यावर एकूण साखर १९५ च्या घरात जाते, मग ५०० पट विरल करावं लागतं. हे न करता घेतलेलं रीडिंग आलेखाच्या टोकापलीकडे जातं. रेषा पट्टीने पुढे ओढून उत्तर काढायचा मोह होतो, पण तिथे रंग आणि साखर यांचं सरळ नातं राहीलच असं नाही. शिवाय विरल करताना पिपेटमध्ये जितक्या टक्क्यांची चूक होते, तितक्याच टक्क्यांनी उत्तरही चुकतं. आणि ब्लँक हवाच, कारण अभिकर्मक मुळात पिवळं असतं. ब्लँक न लावता घेतलेल्या रीडिंगमध्ये त्याचा रंगही साखर म्हणून मोजला जातो.

या सगळ्याचा कारखान्याशी संबंध काय?

तोडलेला ऊस मेलेला नसतो. त्याच्या पेशींतलं इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडत राहतं. कापलेल्या टोकातून जिवाणू आत शिरतात. फुटलेली साखर गोडच असते, पण कारखान्यात तिचे स्फटिक होत नाहीत, ती मळीत जाते. म्हणून तोडीनंतर ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळावा असं सांगतात. तोडीची टोळी उशिरा आली, ट्रॉली रस्त्यात बंद पडली, यार्डात नंबर लागेना, की हे तास वाढत जातात. ऊस जळलेला असेल तर नुकसान आणखी लवकर होतं.

आता तेच तीन आकडे शिळ्या उसावर पाहा. ऊस वाळतो, पाणी उडतं, रस घट्ट होतो. म्हणून ब्रिक्स वाढू शकतो! नुसता रिफ्रॅक्टोमीटर घेऊन उभा असलेला माणूस म्हणेल ऊस सुधारला. डीएनएसएचं रीडिंगही वाढतं, पण ती वाईट बातमी असते: सुक्रोज फुटते आहे. पोल खाली येतो, कारण ग्लुकोज उजवीकडे फिरवत असलं तरी फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे फिरवतं. पूर्ण फुटलेल्या साखरेचं वळण उजवीचं डावी होतं, म्हणूनच तिला 'इन्व्हर्ट शुगर' म्हणतात, उलटलेली साखर.

पोलवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात, आणि तो प्रकाश सुक्रोजच्या जवळपास तिप्पट उजवीकडे फिरवतो. सडू लागलेल्या उसाचा पोल त्यामुळे खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. एचपीएलसी यंत्र सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज वेगवेगळी करून मोजतं आणि हा गोंधळ टाळतं, पण ते महाग, त्याला निगा फार.

पैशात हे किती होतं? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्यावर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. टनाला ३४ रुपये ६० पैसे. १० लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या सभासदांसाठी ही रक्कम ३ कोटी ४६ लाख होते. ०.१ टक्का म्हणजे टनामागे फक्त एक किलो साखर.

हा उतारा कारखान्याचा सरासरी असतो. एकेका शेतकऱ्याच्या ट्रॉलीचा नाही. सकाळी तोडून दुपारी गव्हाणीत पडलेला ऊस आणि तीन दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॉलीतला ऊस, दोन्हींना टनाला भाव एकच. वाळल्यामुळे घटलेलं वजन मात्र ज्याच्या त्याच्या बिलात दिसतं.

घरून किंवा रसवंतीवरून रस आणून हा प्रयोग करणार असाल तर एक व्यावहारिक गोष्ट. बाटली बर्फात ठेवून न्या. उन्हात टांगलेल्या सॅकमधून आणलेला रस टेबलावर पोचेपर्यंत थोडा शिळा झालेला असतो, आणि मग डीएनएसएचा आकडा जास्त येतो तो उसामुळे की सॅकमुळे, हे सांगता येत नाही.