तीन वर्षे, तीस कोटी

विजय भटकरांच्या नावाला ‘भारतीय महासंगणकाचे जनक’ हे बिरूद इतके घट्ट चिकटले आहे, की त्यांनी नेमके केले काय, हे कुणी विचारतच नाही. चिप त्यांनी बनवली नाही. समांतर संगणनाची वाटही देशात पहिल्यांदा त्यांनी पाडली नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक १९८६ मध्येच चालू झाला होता. भटकरांचे काम प्रकल्प चालवणाऱ्याचे होते. सरकारी पैशात, ठरल्या मुदतीत, दुसऱ्यालाही विकता येईल असे यंत्र त्यांना उभे करायचे होते. माझ्या मते हे बिरुदापेक्षा अवघड आहे.

अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी १९४६ मध्ये जन्म. नागपूर, बडोदा आणि दिल्लीची आयआयटी असे शिक्षण. मग तिरुवनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्राचे संचालकपद. तेवढ्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. हवामानाच्या अंदाजासाठी एक क्रे मिळाला, तोही अटी घालून. राजीव गांधी सरकारने १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन केली आणि महासंगणक बनवायला भटकरांच्या हाती तीन वर्षे व तीस कोटी रुपये दिले. परदेशी महासंगणक विकत आणायला साधारण एवढाच वेळ आणि पैसा लागत असे.

एवढ्यात नवी चिप घडवणे शक्यच नव्हते. सी-डॅकने ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर निवडला. अपूर्णांकांचे गणित करणारा भाग या चिपच्या पोटातच होता आणि तिला चार जोडण्या होत्या. म्हणजे प्रत्येक चिप चार शेजाऱ्यांशी थेट बोलू शके. अशा अनेक चिपा जोडून १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्याची कमाल क्षमता एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी गणिती क्रिया.

कमाल क्षमता हा शब्द मात्र जपूनच वाचावा. हवामानाचे गणित करायचे तर नकाशाचे चौकोन पाडून एकेक चौकोन एकेका चिपकडे द्यावा लागतो. आपल्या सीमेवरचे तापमान आणि हवेचा दाब काढताना प्रत्येकीला शेजारणीचे आकडे लागतात. ते यायला वेळ लागला की चिपा नुसत्या ताटकळतात. अशा वेळी आणखी चिपा जोडाव्यात तर काम उलट मंदावते. म्हणून सी-डॅकने ‘पारस’ ही प्रोग्रॅमिंगची व्यवस्था तयार केली आणि जुने प्रोग्रॅम नव्याने लिहायला घेतले. परम रशिया, जर्मनीपर्यंत गेला त्यात या न दिसणाऱ्या कामाचा वाटा मोठा आहे.

पुढे ट्रान्सप्युटरच बाजारात मागे पडला. अशा वेळी आपल्या पहिल्या यंत्राला कवटाळून बसणारे संचालक आपण पुष्कळ पाहिले आहेत. सी-डॅकने आधी इंटेलची आय-८६० चिप घेतली, नंतर सन कंपनीचे प्रोसेसर. १९९८ चा परम १०००० म्हणजे सनची यंत्रे ‘परमनेट’ या स्वतःच्या जाळ्याने जोडून गाठलेले शंभर गिगाफ्लॉप. प्रोसेसर बाहेरचा, जोडणी आणि सॉफ्टवेअर घरचे. महासंगणक म्हणजे एकमेकांना बांधलेल्या सर्व्हरांचे रॅक, हे गणित तेव्हापासून पक्के झाले. भटकर नंतर सी-डॅकबाहेर पडून शिक्षणसंस्थांच्या उभारणीत गुंतले. २००० मध्ये पद्मश्री, २०१५ मध्ये पद्मभूषण.

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातच टाटांच्या ‘एका’ने जगात चौथा क्रमांक मिळवला, ११७.९ टेराफ्लॉप. त्याच्या रॅकमध्ये एचपीचे ब्लेड सर्व्हर होते. सर्व्हरच आपला, ही पायरी यायला आणखी बरीच वर्षे गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतले तीन महासंगणक पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात सुरू झाले. खर्च १३० कोटी. पुण्यातला जीएमआरटी दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. यांतला ‘रुद्र’ सर्व्हर सी-डॅकने स्वतः आरेखित केला आहे.

त्याच्या आतला प्रोसेसर अजून इंटेलचाच आहे. सी-डॅकने ‘औम’ या ९६ गाभ्यांच्या प्रोसेसरचे काम हाती घेतले आहे. तो आर्मच्या रचनेवर बेतलेला असून त्याचे उत्पादन तैवानमध्ये करण्याची योजना आहे.